घरभेदी

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास, सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत, तिने मेलेली पेशी परत येताना पाहिली. मेलेली म्हणजे तिच्या लेखी मेलेली. आणि या बाबतीत तिचा शब्द शेवटचा मानायची पद्धत त्या संस्थेत गेली वीसेक वर्षं होती. शेजारी स्टुलावर तिची विद्यार्थिनी बसली होती. सतत काहीतरी कुरतडत असते म्हणून सगळे तिला खार म्हणत, आणि आता शेंगदाणे नव्हते तर ती स्वतःची नखं कुरतडत होती. पडद्यावर हिरव्या धाग्यांचं एक पुंजकं होतं, ओल्या लोकरीसारखं. धागे म्हणजे तंतुकणिका, पेशीच्या आतल्या चुली. त्या चुलींत एक प्रथिन कोंडलेलं असतं, सायटोक्रोम सी. त्याला खारीने हिरवं चमकणारं शेपूट लावलं होतं, म्हणून ते दिसत होतं. पेशी धडधाकट असते तोवर हिरवं धाग्यांतच राहतं. वेळ भरली की बॅक्स नावाचं दुसरं एक प्रथिन, एरवी पेशीत निरुद्योगी भटकणारं, धाग्यांच्या भिंतीवर जमा होतं, भिंतीला भोकं पडतात आणि हिरवं बाहेर सांडतं. पाच मिनिटं. पाच मिनिटांत धागे पुसले जातात आणि सगळी पेशी एकसारखी, सपाट, फिक्कट हिरवी होते, पाण्यात रंगाचा थेंब पडून विरावा तशी. मग ती आक्रसते, तिच्या अंगावर फुगे उठतात, ती उकळल्यासारखी होते आणि तिचे तुकडे पडतात. हे तिने हजारो वेळा पाहिलं होतं. या गळतीनंतर पेशी परतत नाही, हे वाक्य तिच्याच प्रबंधात होतं, आणि तिथून उचलून ते दोन पाठ्यपुस्तकांत गेलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला ही पेशी गळली होती. खारीला घरी जायची घाई होती. तिने पेशी मारायला घातलेलं औषध काढून टाकलं, पेशी स्वच्छ खारट द्रावणाने धुतल्या, ताजं पोषण घातलं आणि कॅमेरा बंद करायला विसरून निघून गेली. कॅमेरा शनिवार-रविवार इमानाने फोटो काढत राहिला. तेच फोटो आता भराभर एकामागून एक सरकत होते. फुगे उठले, पेशी सुकलेल्या बोरासारखी झाली, आणि मग काहीच नाही; बराच वेळ काहीच नाही. मग एक फुगा बसला. दुसरा बसला. सपाट हिरव्यात एका कोपऱ्यात एक धागा दिसला, अगदी बारीक, डोळ्यांत पाणी आल्यावर दिसावा तसा. मग आणखी दोन. झोपलेल्या माणसाने कूस बदलताना पाय लांबवावेत तशी पेशीने काचेवर आपली कड पसरली.

ती म्हणाली, मागे घे. खारीने मागे घेतलं. तिने विचारलं, शेजारची पेशी सरकून इथे आली नसेल कशावरून? खारीने ते आधीच तपासलं होतं. काचेवरचा ओरखडा जागच्या जागी होता. कॅमेरा हलला असेल. नव्हता. शेपूट तुटलं असेल, मग हिरव्याला अर्थच उरत नाही. खार म्हणाली, तेही तपासायला घेतलंय मॅडम, दुपारपर्यंत कळेल. पोरीचा आवाज आनंदाने कापत होता आणि तो आनंद बाईंपासून लपवायचा ती आटोकाट प्रयत्न करत होती. आणि तेव्हा तिच्या स्वतःच्या तोंडून ते निघालं, जे प्रयोगशाळेतल्या अठ्ठावीस वर्षांत तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

"ती फाइल काढून टाक."

खारीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने विचारलं, काढून टाकू? ती उठली, दाराचा जाड पडदा बाजूला केला, बाहेरचा उजेड डोळ्यांत सुईसारखा शिरला. मागे फिल्म अजून चालूच होती. तिने टेबलावरची पर्स घेतली, बाईंना बरं नाहीये असं कुणीतरी कुणालातरी सांगताना ऐकलं आणि जिना उतरून रस्त्यावर आली.

असं नव्हे की तिला हे माहीत नव्हतं. गेल्या काही वर्षांत दोन-तीन ठिकाणांहून तसे निबंध आले होते: पेशी उंबरठ्यावरून मागे फिरते, कधीकधी, सगळ्या नव्हे. तिने मथळे वाचले होते आणि पान उलटलं होतं. ज्या घरात आपलं काहीतरी बिनसलंय त्या घरावरून जाताना माणूस मान वळवून जातो, तशी. वाचणं वेगळं आणि बघणं वेगळं. आता पदपथावरून चालताना पुढच्या माणसाची पाठ, दुकानांच्या काचा, सिग्नलपाशी थांबलेल्या गाड्या, सगळं तिला त्या सपाट फिक्कट हिरव्यातून दिसत होतं. कुठल्याही क्षणी कुठल्यातरी कोपऱ्यात एक धागा उगवेल या भीतीने ती खाली बघत चालली होती. भीतीने. आनंदाने नव्हे. शास्त्रज्ञाच्या जातीला हे शोभत नव्हतं हे तिला कळत होतं.

धाकट्याला ते चुलीतलं प्रथिन ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ फ्रिज दुरुस्त करायचा. मोठे फ्रिज, शीतगृहांचे, हॉटेलांचे, इस्पितळांचे. घरात एक पोरगी पेशी बघते आणि एक पोरगा कॉम्प्रेसर बघतो, दोघांनाही आत काय चाललंय ते बाहेरून ओळखायचं असतं, असं आई म्हणायची. एकदा प्रयोगशाळेतला उणे ऐंशीचा फ्रीझर बंद पडला. कंपनीचा माणूस तीन दिवसांनी येणार होता आणि आत तिची चार वर्षं होती. धाकटा हत्यारांची पिशवी घेऊन आला, जमिनीवर आडवा झाला आणि अर्ध्या तासात मशीन घुरघुरायला लागलं. मग हात पुसत म्हणाला, आता दाखव तुझं ते दुकान. तिने त्याला अंधाऱ्या खोलीत नेऊन दाखवलं. समजावून सांगितलं की हे प्रथिन चुलीत असतं तेव्हा पेशीचा श्वास चालवतं, त्याच्यावाचून एक क्षण चालत नाही. आणि तेच बाहेर पडलं की कात्र्या चालवणाऱ्या दुसऱ्या प्रथिनांना बोलावून आणतं आणि पेशी मारतं. तो बराच वेळ बघत राहिला. "म्हणजे घरात आहे तोवर कर्ता, आणि उंबरठा ओलांडला की घरच पाडणार," तो म्हणाला. "घरभेदी म्हण की सरळ. कशाला एवढं लांबलचक नाव." तेव्हापासून प्रयोगशाळेत त्याला घरभेदीच म्हणत. नवीन मुलं येत, त्यांना वाटे हा काहीतरी जुना पारिभाषिक शब्द असावा. तो फ्रीझर अजून चालतो. तो ज्या व्हरांड्यात आहे तिथून ती जात नाही, वळसा घालून जाते. मुलांना वाटतं बाईंना चालायची आवड आहे.

एका पावसाळी दुपारी एका इमारतीच्या गच्चीवर, ओल्या मशीनला हात लावताना, त्याला विजेचा झटका बसला. बरोबरच्या माणसाने छाती दाबणं चालू ठेवलं. कुणी म्हणालं अकरा मिनिटं, कुणी म्हणालं पंधरा. हृदय पुन्हा सुरू झालं तेव्हा कुणी घड्याळ बघितलं नव्हतं. तो एकोणतीस वर्षांचा होता, लग्नाला अडीच वर्षं झाली होती. नऊ दिवस तो मशीनच्या श्वासावर होता आणि नऊ दिवस ती त्याच्या उशाशी बसली. इतर लोक बसतात तसं तिला बसता आलं नाही. इतरांना एवढंच माहीत असतं की माणूस झोपलाय. तिला माहीत होतं की मेंदू त्या अकरा किंवा पंधरा मिनिटांत मेलेला नाही. तो आत्ता मरतोय, पहिल्या रात्री, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, एकेक पेशी आपापल्या वेळेला, कुणी न ढकलता, ठरल्या नियमाने. कपाळावर हात ठेवला की हाताखाली ती गळती तिला दिसायची. भिंतीवर जमणारं बॅक्स, पडणारी भोकं, सांडणारं हिरवं. भावाच्या कपाळावर हात ठेवून कुणाला इतकं माहीत असू नये.

आठव्या दिवशी भावजय म्हणाली, त्यांनी माझं बोट दाबलं. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती, चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची, बोलायची कमी. उजव्या हाताची करंगळी, दोनदा. तिने भावजयीला समजावलं. नीट, प्रेमाने, शिकवताना समजावतात तसं: ते मज्जारज्जूचं असतं, मेंदूचा त्यात संबंध नसतो, कोंबडीची मान कापल्यावर... इथे ती थांबली होती, पण शब्द निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, डॉक्टरांनी तिघींना खोलीत बसवलं. तपासण्या दाखवल्या, म्हणाले जागं होणं नाही, पुढचं कुटुंबाने ठरवायचं. आई तिच्याकडे वळली. बाकी कुणाकडे नाही, डॉक्टरांकडेसुद्धा नाही. म्हणाली, तू शिकलेली आहेस, तू सांग. आणि ती म्हणाली, "आई, आता परतणं नाही." भावजयीने तेवढंच विचारलं, रविवारपर्यंत थांबू या का? त्यावर ती जे बोलली ते आजही दात घासताना, भाजी निवडताना, भर सभेत कुणाचा निबंध ऐकताना, न बोलावता येऊन उभं राहतं. ती म्हणाली होती, "रविवारनं काय होणार आहे?"

चारच्या सुमारास मशीन काढायचं ठरलं तेव्हा ती खोलीबाहेर आली. व्हरांड्याच्या टोकाला एक खिडकी होती, खाली गाड्या लावायची जागा. ती गाड्या बघत राहिली. नंतर परिचारिका येऊन म्हणाली, शांतपणे गेले. बस. एवढंच तिला माहीत. किती वेळ गेला होता तेही तिला सांगता आलं नसतं, कारण ते तिने कधी विचारलं नाही.

तेव्हापासून एक चूक तिच्या जिभेवर बसली ती उठली नाही. पडद्यावर पेशी गळली की टिपून घ्यायला तिने मोठ्याने सांगायचं असे: बेचाळीस नंबरची, सहा वाजून दहा मिनिटं, गेली. ती म्हणायची, गेला. विद्यार्थी लिहून घेताना गेली लिहीत. एकाने एकदा हसून विचारलं, मॅडम, पेशी पुल्लिंगी कधीपासून? त्याला तिने काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण त्या मुलाने पुन्हा विचारलं नाही. बावीस वर्षं. इतक्या पेशी, आणि प्रत्येक वेळी तोच गेला.

आणि आई तिच्याकडे आली नाही. याचं सगळ्यांना नवल वाटलं होतं. मुलगी कमावती, एकटी, दोन खोल्या मोकळ्या. आणि आई राहिली सुनेकडे, जिच्यात आणि आईत आता नातं धरून ठेवणारा माणूसच उरला नव्हता. तिने तीनदा विचारलं. तीनही वेळा आई म्हणाली, मी इथेच बरी आहे. मध्ये काही वर्षं भावजयीकडे एक गृहस्थ येत असत, तेव्हा तरी आई निघेल असं वाटलं. तर आईच त्यांना चहा करून द्यायची. पुढे ते यायचे बंद झाले, आई तिथेच राहिली. ती दर रविवारी फळं घेऊन जायची, तासभर बसायची. आई तिच्याशी चांगलं बोलायची, हवा, गुडघे, वर्तमानपत्र. पाहुण्याशी बोलावं इतकं चांगलं. तिला कारण कळत होतं. ज्या पोरीने परतणं नाही म्हणून सांगितलं, तिच्या घरात आई कशी झोपेल? हे तिने मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं, आणि आई ते बोलून दाखवत नाही हा आईचा मोठेपणा.

बसमधून उतरून भावजयीच्या दाराशी आल्यावर तिच्या लक्षात आलं की आज सोमवार, आणि हातात फळं नाहीत. सोमवारी चष्म्याचं दुकान बंद असे. भावजयीने दार उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आत घेतलं. आतल्या खोलीत आई झोपली होती. खिडकीपाशी टेबलावर एक छोटा दिवा, त्याखाली कुणाच्यातरी चष्म्याची मोडकी दांडी, मुंगीएवढे स्क्रू एका बशीत. भावजय अठ्ठेचाळीसची झाली होती. काम करताना स्वतः दोन चष्मे लावायची, एकावर एक, आणि त्याबद्दल स्वतःच विनोद करायची की चष्मेवालीलाच दिसत नाही. आज तिने विनोद केला नाही. चहा ठेवला, समोर बसली, दांडी हातात घेतली.

तिने सांगितलं. आधी कसंबसं, मग वर्गात सांगावं तसं, मग तेही जमेना. धागे, गळती, पाच मिनिटं, आणि मग तो कोपऱ्यातला एक धागा. भावजय स्क्रू फिरवत ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, पण ताई, ती एक पेशी आहे. ते माणूस होते. हो, ती म्हणाली, ते मला माहीत आहे. आणि खरंच माहीत होतं. काचेवरची एकुलती एक पेशी, जिचं विष वेळेवर धुऊन काढलं, आणि डोक्यातल्या अब्जावधी पेशी, ज्यांची एकमेकींशी गुंफण तुटली की एकेक परत येऊनही काही जुळत नाही. ही तुलना एखाद्या विद्यार्थ्याने केली असती तर तिने त्याला बाहेर काढलं असतं. तेव्हा डॉक्टर चुकले नव्हते. निकाल बहुधा तोच आला असता. पण तिला सलत होतं ते हे नव्हतं. "मला माहीत नव्हतं गं," ती म्हणाली. "आईने मला विचारलं, आणि मला माहीत आहे असं समजून मी सांगितलं. मी आजवर कुठलीच पेशी दोन दिवस थांबून पाहिली नव्हती. गळली की आम्ही कॅमेरा बंद करायचो. मग परतत नाही हे मला कुणी सांगितलं होतं?" थोडं थांबून तिने ते विचारलं ज्यासाठी ती आली होती. ते बोट. करंगळी खरंच दाबली होती का?

भावजयीने दांडी खाली ठेवली. वरचा चष्मा काढला, मग खालचा. चष्म्यांशिवाय तिचा चेहरा एकदम सव्वीस वर्षांचा दिसला, किंवा तिला तसं वाटलं. भावजय म्हणाली, मला आता खरंच सांगता येणार नाही. पहिल्या वर्षी मी शपथेवर सांगितलं असतं. नंतर नंतर मी इतक्या वेळा ते आठवून पाहिलं की आता जे आठवतं ते त्यांचं दाबणं आहे की माझं धरणं, वेगळं करता येत नाही. तुमची कोंबडी मात्र आठवते, ती म्हणाली, आणि ओठांच्या कडेला किंचित हसली.

"मग त्या पेशीचं पुढे काय झालं?" भावजयीने विचारलं.

ती गोंधळली. पुढे म्हणजे?

"परत आली म्हणता. मग जगली का? आज सकाळपर्यंतचं होतं ना त्यात?"

ती म्हणाली, फिल्म चालू होती, मी निघून आले. भावजय तिच्याकडे बघत राहिली. खिडकीतून खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तो आवाज तिने थांबू दिला. मग म्हणाली, आवाजात राग नव्हता, एखाद्याच्या चष्म्याचा नंबर सांगावा तशी म्हणाली, "तुम्ही नेहमी आधीच निघता, ताई."

आणि मग तिने सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मशीन काढलं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती, समोर घड्याळ होतं. सगळ्यांना वाटलं होतं की लगेच होईल. झालं नाही. धाकटा श्वास घ्यायला लागला. स्वतःचा स्वतः. असं होऊ शकतं हे त्या दोघींना कुणी नीट सांगितलेलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर कानांत शिरलं नव्हतं. आई हसली. म्हणाली, बघ, घेतोय, बघ. ती त्याच्या पायांशी बसली आणि तळवे चोळायला लागली, लहानपणी ताप आला की चोळायची तसे. त्याच्याशी बोलायला लागली. शाळेत पहिल्या दिवशी दप्तर विसरला ते, शेजारच्यांचा पंखा उघडून ठेवला आणि परत जोडता आला नाही ते. भावजय श्वास मोजत होती. आधी एका मिनिटात चौदा. मग अकरा. मग दोन श्वासांच्या मध्ये इतकी जागा पडायला लागली की त्या जागेत दोघींनी एकमेकींकडे बघावं, आणि मग पुन्हा एक यावा. चाळीस मिनिटं.

"मी तुम्हाला बोलवायला उठले होते," भावजय म्हणाली. "अगदी सुरुवातीलाच, ते श्वास घेताहेत म्हणून. दारापर्यंत गेले. आईंनी हाताला धरून मागे ओढलं. म्हणाल्या, तिला नको बोलावूस. तिने हे बघितलं तर तिला वाटेल आपण चुकलो. जन्मभर वाटेल. तिला बाहेरच राहू दे."

चहावर साय धरली होती.

भावजय म्हणाली, मी नंतर डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले असं होतं, मेंदूचा अगदी बुडाचा भाग श्वास चालवत राहतो, त्याचा अर्थ काही नसतो. तुम्हाला तर हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तिला ठाऊक होतं. पुस्तकात पान कुठलं तेही ठाऊक होतं. भावजय म्हणाली, पण आई म्हणाल्या, अर्थ नसला तरी तिला जन्मभर छळायला पुरेल. आणि म्हणून त्या तुमच्याकडे आल्या नाहीत. मी खूप सांगितलं, जा म्हणून, तिथे लिफ्ट आहे, इथे जिने. म्हणाल्या, एका घरात राहिले तर कधी ना कधी तोंडातून जाईल. म्हातारपणी जिभेचा भरवसा नसतो. इथे तुझ्याशी बोलता तरी येतं.

बावीस वर्षं तिने आईच्या गप्प राहण्याचा जो अर्थ लावला होता तो एखाद्या खोलीसारखा होता. तिला तिथली प्रत्येक भिंत माहीत होती, अंधारात चालता येत होतं. आता कळत होतं की ती खोली तिने एकटीने बांधली होती, आणि आई सगळा वेळ दुसऱ्याच दाराशी पहारा देत उभी होती. याने सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वाटलं ते इतकंच की तिथे तिसरी जागा होती, तळव्यांशी आई, हाताशी बायको, आणि डोक्याशी कुणीच नव्हतं. आणि चाळीस मिनिटं म्हणजे थोडी नव्हेत.

तिने फोन काढला आणि खारीला लावला. तिने विचारलं, काढून टाकलीस? खार म्हणाली, नाही मॅडम. मग घाबरून एका दमात म्हणाली की तिने ती आणखी दोन ठिकाणी ठेवली आहे, मॅडम रागावल्या तरी चालेल. तिने डोळे मिटले. म्हणाली, बरं केलंस. शेवटपर्यंत पाहिलीस? पाहिली होती. शनिवारी दिवसभर पेशी तशीच होती, रविवारी दुपारी दुभागली. दोन झाल्या. त्यातली एक रात्री गेली. दुसरी अजून आहे, जरा वेडीवाकडी, पण आहे. ती म्हणाली, उद्या पुन्हा लावू. तीनदा लावू. या वेळी कॅमेरा मुद्दाम चालू ठेव. आणि जुन्या पुस्तकात माझं एक वाक्य आहे, त्याच्यापासून सुरुवात कर. ते खोटं ठरतंय असं पहिल्या ओळीत लिही. खारीने विचारलं, जी रात्री गेली तिची वेळ लिहून घेऊ ना? घे, ती म्हणाली. गेली म्हणूनच लिही.

आतून खाटेचा आवाज आला. भावजय उठून गेली, आईला आधार देऊन बसवलं, पाठीशी उशी लावली आणि मुलगी आल्याचं कानाशी मोठ्याने सांगितलं. आईने विचारलं, आज रविवार आहे का? नाही, भावजय म्हणाली, सोमवार. मग ती बाजूला झाली आणि पुन्हा बाहेर दिव्याखाली जाऊन बसली.

ती दारात उभी राहिली. त्र्याऐंशी वर्षांची आई दुपारच्या झोपेनंतर लहान दिसायची, केस एका बाजूला चपटे, पायांवर पांघरूण. तिने जवळ जाऊन, कानाशी वाकून, सांगितलं की मला कळलं, आई. चाळीस मिनिटांचं. हिने आज सांगितलं. आईने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं, जणू सुनेने एखादी उंची वस्तू फोडली होती आणि आता तिला ओरडण्यात अर्थ नव्हता. मग तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ. ती वाट बघत होती. कशाची ते तिला माहीत नव्हतं. आई रडेल असं वाटलं, किंवा तू बरोबर होतीस म्हणेल, किंवा तू चुकलीस.

"तू बाहेर होतीस," आई म्हणाली.

"हो."

"तिथे बसायला काही होतं का गं?"

तिला आधी प्रश्न समजलाच नाही. मग समजला, आणि आई हे बावीस वर्षं विचारायचं राहून गेल्यासारखं विचारते आहे हेही समजलं.

"नव्हतं, आई. उभीच होते."

आईने मान हलवली. मग पांघरुणाखाली हात घालून आधी एक पाय उचलून पलीकडे ठेवला, मग दुसरा, आणि खाटेवर मोकळी झालेली जागा तळव्याने सारखी केली.

"मग बस," ती म्हणाली.